न पेरलेलं तण

मराठीत ‘पेरावं तसं उगवतं’ म्हणतात. त्याच गल्लीतल्या कन्नड घरात ‘माडिद्दुण्णो महाराय’ म्हणतात, केलंस ते खा रे बाबा. बेळगाव-खानापूर पट्ट्यात मूल या दोन्ही म्हणी ऐकतच मोठं होतं, आणि दोन्ही खऱ्या आहेत. पण जिथे त्यांचा वापर सगळ्यात जास्त होतो, तिथेच त्या चुकीच्या वापरल्या जातात. ती जागा म्हणजे दुखवट्याचं घर. तरणाताठा मुलगा गेलेला असतो, आई भिंतीला टेकून बसलेली असते, आणि भेटायला आलेली कुणी पदराने डोळे टिपत म्हणते, ‘‘काय करायचं गे, मागचे भोग असतात, फेडायलाच लागतात.’’ म्हणणारीच्या मनात वाईट काही नसतं. गप्प बसवत नाही म्हणून ती बोलते. ऐकणारीच्या पोटात मात्र तिथून दुसरं दुःख सुरू होतं: मी असं काय केलं होतं? माझ्या लेकराने काय केलं होतं?

म्हण शेतातली आहे, तर आधी शेतच नीट बघू.

बेळगाव तालुक्यात बरंचसं भात धूळवाफ पेरतात. वळीव पडून गेलेल्या भुसभुशीत रानात रोहिणीच्या सुमाराला कुरीने बी सोडायचं आणि मृगाच्या पावसावर ते उगवू द्यायचं, अशी ही रीत. चिखल करून रोप लावलेल्या शेतात पाणी उभं राहतं आणि त्याखाली तण दबतं. धूळवाफेत सुरुवातीचे काही आठवडे पाणी साठत नाही, त्यामुळे भात आणि तण खांद्याला खांदा लावून वर येतात. त्यातलं एक तण हुबेहूब भातासारखं असतं. बांधावर उभं राहून ते ओळखू येत नाही. खाली बसावं लागतं, पान खोडापासून जरा मागे ओढून बेचक्यात बघावं लागतं. भाताच्या पानाला तिथे जिभेसारखा पांढरट, पातळ पापुद्रा असतो. तणाच्या बेचक्यात काही नसतं, जागा गुळगुळीत असते. भांगलणीला, म्हणजे बसून हाताने तण काढायला, सरावलेली बाई हे अर्ध्या क्षणात करते; नवखी भाताचंच रोप उपटून टाकते.

हे तण कुणी पेरलं? कुणीच नाही. शेणखतातून आलं असेल, वरच्या शेतातल्या पाण्याबरोबर वाहत आलं असेल, बियाण्यात मिसळून आलं असेल, नाहीतर आधीच्या कुळाच्या वेळेपासून मातीत पडून असेल. शेतकऱ्याला ते काढावं लागतं, त्याचा खर्च त्यालाच सोसावा लागतो. पण ‘हे तू पेरलंस’ असं त्याला कुणी म्हणत नाही. पेरलेलं उगवतं हे खरंच आहे. म्हणून उगवलेलं सगळं मीच पेरलं होतं, असं त्यातून निघत नाही. हा साधा हिशेब शेतात प्रत्येकाला कळतो आणि माणसाच्या दुःखाशी आलं की आपण विसरतो.

शास्त्रकारांनाही हा पेच माहीत होता, आणि त्यांनी शेतातलाच दृष्टांत घेतला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप येतो की जगात एक सुखी, एक दुःखी, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य म्हणतात, ईश्वर पावसासारखा समजावा. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो. भाताचं भात आणि जवाचा जव होतो तो ज्याच्या त्याच्या बियातल्या सामर्थ्याने. या उत्तराने देवावरचा आरोप पुसला जातो, पण दुसरी बाजू ताणली की सगळा आरोप माणसावर येतो. म्हणून त्याच्या जोडीला गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक ठेवावा. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. आपल्या भाषेत शेत, शेतकरी, अवजारं, राबणं आणि शेवटी पाऊसपाणी. पुढे दोनच श्लोकांनी गीता सांगते की असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला दिसतच नाही. हा श्लोक बहुतेक वेळा अहंकार उतरवायला सांगितला जातो. अपराधाच्या ओझ्याखाली दबलेल्या माणसालाही तो तितकाच लागू आहे, आणि माझ्या मते तिथे त्याची गरज जास्त आहे. सगळं माझ्यामुळे चांगलं झालं, हा जसा भ्रम, तसाच सगळं माझ्यामुळे वाईट झालं हाही भ्रम.

सगळ्यात नेमकं उत्तर मात्र पाली वाङ्मयात सापडतं. संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, काही लोक म्हणतात की माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते पूर्वी केलेल्या कर्मामुळेच. आपलं काय मत? बुद्ध आठ कारणं मोजून दाखवतात. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र प्रकोप, ऋतू बदलणं, वागण्या-राहण्यातली हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक, म्हणजे केलेल्या कर्माचं फळ. आठात एक. जे सगळंच पूर्वकर्मावर घालतात ते स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाने मानलेल्या सत्याच्याही पलीकडे जातात, असं ते स्पष्ट म्हणतात.

ही आठ कारणं घेऊन आपल्या भागातून एकदा फिरून यावं. निपाणीत तंबाखूच्या वखारीत आणि बिडीच्या सुपापुढे वर्षानुवर्षं बसलेल्या बाईचा खोकला कशात मोजायचा? धुळीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये घटप्रभा आणि मलप्रभेच्या पुराने गोकाक, रामदुर्ग भागात जी घरं बसली, त्यात देवभोळी होती, नास्तिक होती, दानशूर होती, चिक्कू होती. पाणी कुणाचं खातं बघून आत शिरलं नाही. ते पाऊस, धरणातला विसर्ग आणि घराची नदीकाठची पातळी बघून शिरलं. तंबाखूचा भाव पडतो तेव्हाही पुष्कळांच्या तोंडी ‘हणेबरह’ येतो, म्हणजे कपाळावरचं लिखित. पण 1981 साली निपाणीचे तंबाखू उत्पादक शरद जोशींबरोबर महामार्गावर बसले, तेव्हा त्यांनी कपाळ आणि बाजारभाव या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. त्याच निपाणीत 1925 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत बहिष्कृतांची परिषद भरली होती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘तुमच्या मागच्या जन्माचं पाप’ म्हणून पाणवठ्यावरून हाकललं गेलं, त्यांच्यासाठी कर्मसिद्धान्ताचा हा गैरवापर पुस्तकातला वाद नव्हता.

सौंदत्तीच्या डोंगराकडे बघितलं की जीव कळवळतो. रेणुका-यल्लम्मावर दोन्ही भाषांतल्या लाखो लोकांची श्रद्धा आहे, आणि ‘उदो’ म्हणत डोंगर चढणाऱ्या म्हातारीच्या डोळ्यांतलं तेज खरं आहे. पण त्याच श्रद्धेच्या आडून पोरींच्या केसांतली जट ‘देवीचं बोलावणं’ ठरवली गेली आणि त्यांना देवदासी म्हणून देवीला सोडलं गेलं. जट म्हणजे काय ते जवळून बघावं. डोक्याचे केस रोज पन्नास ते शंभर गळतात. विंचरले नाहीत तर ते गळलेले केस उभ्या केसांतच अडकून राहतात, त्यात घाम, तेल, धूळ, उवा-लिखा बसतात आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याचा नमदा होतो. विंचरायचं नाही, धुवायचं नाही, वर भंडारा आणि तेल घालायचं असं ठरलं की तो वाढतच जातो. वजनाने मान दुखते, खाली कातडीला जखमा होतात. जट सोडवता येत नाही, मुळाजवळून कात्रीने सावकाश कापावी लागते. अवघड असते ती भीती. म्हणून कापताना जवळच्या कुणीतरी तिचा हात धरून बसावं, आधी देवीला नमस्कार करू द्यावा, आणि पुढचे काही महिने तिच्या घरी येत-जात राहावं. कारण त्या काळात घरात साधा ताप आला तरी दोष कापलेल्या जटेवर जातो. मुली सोडण्याविरुद्ध बेळगाव मुंबई इलाख्यात असताना 1934 साली कायदा झाला, पुन्हा 1982 साली कर्नाटकाने केला. एकाच गोष्टीसाठी दोनदा कायदा करावा लागला, यावरून ‘नशीब’ या शब्दाची मुळं किती खोल आहेत ते कळतं.

मग कर्म मानायचंच नाही का? मानायचं, पण त्याची दिशा नीट धरायची. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे तीन भाग सगळ्यांना पाठ असतात. कणगीत साठलेलं धान्य ते संचित. त्यातलं काढून, कांडून, चुलीवर चढवलेलं ते प्रारब्ध. ते आता परत कणगीत जात नाही, खाऊनच संपतं. आणि आज जे पेरतोय ते क्रियमाण. वेदान्तही हेच म्हणतो की ज्ञानाने संचित जळतं, पण प्रारब्ध भोगूनच सरतं. तिघांतलं एकच आपल्या हातात आहे, तिसरं. कणगी आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याची तर नाहीच. म्हणून कर्माचा विचार करायचा तो स्वतःबद्दल आणि पुढच्या पावलाबद्दल. दुसऱ्याबद्दल आणि मागे वळून करायचा झाला की त्याचा निवाडा होतो, आणि तो द्यायला लागणारी माहिती कुणाही माणसाकडे नसते.

चिकोडी-निपाणी भागातल्या जैन घरांतून याहून बारीक मांडणी ऐकायला मिळते. याच भागातल्या भोज गावाने आचार्य शांतिसागरांसारखे मुनी दिले, त्यामुळे इथल्या साध्या श्रावकालाही बंध, उदय, निर्जरा, म्हणजे कर्म चिकटणं, फळाला येणं आणि झडून जाणं, हे शब्द परके नाहीत. जैन कर्मशास्त्रात बांधलेल्या कर्माच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत. त्यात उत्कर्षण आणि अपकर्षण आहे, म्हणजे कर्माचा काळ आणि त्याची तीव्रता वाढते किंवा घटते. संक्रमण आहे, म्हणजे एका प्रकारचं कर्म त्याच जातीच्या दुसऱ्या प्रकारात बदलतं. उपशम आहे, काही काळ ते दबून राहतं. अजिबात न बदलणारं, निकाचित, हे त्यातलं एकच. सगळ्यात काटेकोर कर्मवादी परंपरेनेसुद्धा ‘लिहिलं ते टळत नाही’ असं सरसकट म्हटलेलं नाही. आणि त्याच परंपरेचा रोजचा णमोकार बघा: पस्तीस अक्षरं, पाच नमस्कार, मागणं एकही नाही.

इथून प्रार्थनेचा प्रश्न येतो. प्रारब्ध भोगायचंच असेल आणि पाऊस सगळ्यांना सारखाच पडत असेल, तर देवापुढे बसायचं कशाला?

भांगलणीसाठी. खाली बसून, एकेक पान मागे सारून, यातलं माझं काय, माझं नसलेलं काय, आज हातात काय, हे बघायला. उभ्याउभ्या ते दिसत नाही.

मागणाऱ्याला मात्र हिणवू नये. गीतेत भक्तांचे चार प्रकार येतात, त्यात पहिलाच आर्त, संकटात सापडलेला; अर्थार्थीही आहे. ज्ञानी श्रेष्ठ म्हटला तरी हे सगळेच ‘उदार’ असं भगवंत म्हणतात. लेकरू आयसीयूत असताना चिंचलीच्या मायाक्काला किंवा कपिलेश्वराला नवस बोलणाऱ्या बापाला निष्काम भक्ती शिकवायला जाऊ नये. त्याला दोनच गोष्टी सांगाव्यात. नवस बोलला म्हणून गोळी बंद करायची नाही. अंगारा कपाळाला, औषध पोटात. आणि नवस आपल्या ऐपतीतला, स्वतःच्या अंगावरचा बोलायचा. नाहीतर तो फेडायला पुढच्या वर्षी कर्ज काढावं लागतं. नवस फळला नाही तर ‘माझ्या भक्तीत कमी पडलं’ हा तिसरा डंख बसतो. तो बसू नये म्हणून जवळच्यांनी आधीच सावध असावं.

रोजच्या प्रार्थनेला वीस मिनिटं पुरतात. तुपात भिजवलेली एक फुलवात साधारण तेवढीच तेवते, त्यामुळे घड्याळ बघावं लागत नाही. दिवेलागणीची वेळ बरी, कारण दिवसभराचं ताजं आठवतं आणि अजून झोप आलेली नसते. जेवणानंतर बसलं की डुलक्या लागतात. जागा एकच ठेवावी. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसावं, त्यात काही उणं नाही.

पहिली दोन मिनिटं संकल्पाला. जुन्या संकल्पात मागण्याच्या आधी देशकाल येतो: कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर, कुठलं अयन, कुठला ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. पुष्कळजण तो गडबडीत उरकतात, पण त्यातच सगळी खुबी आहे. भरकटलेल्या मनाला तो आधी जागेवर आणतो. संस्कृत येत नसेल तर मराठीत म्हणावं, ‘आज मंगळवार, श्रावण वद्य चतुर्थी, मी वडगावच्या या घरात, या दिव्यापुढे बसलोय, बाहेर पाऊस आहे.’

मग नाम. माळ असेल तर एकशे आठ मणी, आणि मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. माळ नसेल तर उजव्या हाताची पेरं. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात, मग तिचं खालचं पेर, करंगळीची खालून वर तीन, अनामिकेचं टोक, मधल्या बोटाचं टोक, तर्जनीची वरून खाली तीन. झाले दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं म्हणजे मेरू, त्यांना अंगठा लावायचा नाही. बोटाला काम दिलं की मनाची धाव कमी होते. हरिपाठ म्हणणाऱ्याने हरिपाठ म्हणावा. लिंगायत घरात डाव्या तळहातावर इष्टलिंग धरून त्याच्यावर दृष्टी लावून बसतात, तेही हेच काम करतं. इथे बिघडतं ते वेगाने. आकडा पुरा करायची घाई झाली की नामाचा शेवटचा स्वर गिळला जातो. तो पूर्ण ऐकू येईल इतपत सावकाश म्हणावं. मन पळालं तर स्वतःवर चिडू नये. पळालं हे कळलं, तिथून पुढचा मणी.

त्यानंतरची पाच मिनिटं खरी अवघड. आजच्या दिवसातलं माझं काय चुकलं ते एकच, नेमकं. ‘मी पापी आहे’ असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. ‘सकाळी बिल मागायला आलेल्या गवळ्यावर विनाकारण खेकसलो’ असं म्हणावं. जैन प्रतिक्रमणाचा गाभा हाच: मागे पाऊल घेणं, पण ठराविक चुकीवरून. यात दोन तऱ्हेने घसरायला होतं. एक, दुसऱ्यांच्या चुका मोजल्या जातात. दुसरं, आणि दुःखात असलेल्या माणसाच्या बाबतीत हे हमखास होतं, की न केलेल्याचीही कबुली दिली जाते. ‘मी त्याला त्या दिवशी गाडी दिली नसती तर...’ इथे थांबावं आणि पाच कारणं मोजावीत. रस्ता होता, समोरचा ट्रक होता, अंधार होता, पाऊस होता. त्यात माझा वाटा एवढाच होता, आणि तोही प्रेमाने दिलेला. सुरुवातीला हे एकट्याने जमत नाही. शेजारी बसून हिशेब मांडणारं कुणीतरी लागतं. महिनोन्‌महिने झोप, जेवण तुटलं असेल तर प्रार्थनेच्या जोडीला डॉक्टरकडेही जावं.

उरलेला वेळ नावांना. स्वतःचं सोडून तीन माणसं, प्रत्येकाचं नाव आणि त्याची खरी अडचण: कुणाचं डायलिसिस, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलेलं, कुणाचं पाणी भरून कुजलेलं भात. स्वतःचं मागणं सगळ्यात शेवटी, आणि मागून झालं की लगेच विचारायचं, हे नाही झालं तर उद्या मी काय करणार आहे? त्याचं उत्तर सापडलं तर प्रार्थना झाली. नाही सापडलं तर उद्या पुन्हा बसायचं. बाळेकुंद्रीचे पंत महाराज (1855–1905) बेळगावात शाळामास्तरकी करत भजनाला बसत. दिवसाचं काम आणि संध्याकाळचं बसणं एकमेकांना खात नाही, याला इथल्या माणसाला लांबचा दाखला शोधायला नको.

काही दिवसांनी लक्षात येतं की त्या तीन नावांतलं एखादं रोज रोज येतंय. मग तिथे जायचं. दुखवट्याचं घर असेल तर बारावं-तेरावं होईपर्यंत माणसांची रीघ असते, शेजारपाजारचे जेवण आणतात, पाहुणे मुक्कामाला असतात. विसाव्या-पंचविसाव्या दिवशी ते घर रिकामं होतं. तेव्हा जावं. डब्यात भाकरी, पिठलं, थोडं ताक, जे तिला गिळवेल ते. कर्म, भोग, देवाची मर्जी, हे शब्द उंबऱ्याबाहेर ठेवावेत. ती बोलली तर मुलाचं नाव घेऊन बोलावं. लोक नाव घ्यायचं टाळतात आणि तिला तेच हवं असतं. ती बोलली नाही तर तिच्याबरोबर गवारीच्या शेंगा मोडत बसावं. निघताना डबा तिथेच ठेवावा, म्हणजे तो आणायला परत जाता येतं.